भिंगरीचं वकिलीचं ठरेना

घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. एका जागी बूड टेकत नसे. पुस्तक उघडलं की दुसऱ्याच ओळीला मन खिडकीबाहेर. पदवी पदरात पडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी सांगितलं की हा आळस नाही. लक्ष न टिकण्याचा विकार आहे, जोडीला चिंतेचाही. गोळ्या सुरू झाल्या. तशातच ती कायद्याच्या प्रवेश परीक्षेत पास झाली आणि घरात नवा घोळ सुरू झाला. वडील म्हणत, हिची जीभ बघा, वकीलच व्हायची. आई म्हणे, नुसत्या जिभेवर कोण वकील झालंय? दोघांच्या ओढाताणीत भिंगरीची झोप उडाली.

शेवटी ती आत्याकडे गेली. आत्या दिवाणी कोर्टात वकील. तिने सल्ला दिला नाही; काही दिवस माझ्याबरोबर ये, एवढंच म्हणाली.

भिंगरीला लवकरच कळलं, कोर्टात भांडण थोडं आणि थांबणं फार. सकाळपासून बाकावर ताटकळायचं, पुकारा झाला की पुढची तारीख घेऊन उठायचं. एका दुपारी आत्याने तिला एक जाडजूड निकालपत्र वाचायला दिलं. चार पानांत अक्षरं डोळ्यांपुढे नाचू लागली. ती जिन्यात जाऊन बसली. मागोमाग आत्या आली आणि गुडघे धरत शेजारी टेकली.

"मला जमेल का गं? खरं सांग."

"वाचन सुटणार नाही, तारीख विसरून चालणार नाही. तुला ते इतरांपेक्षा जड जाणार. जमेल की नाही, मी कशी सांगू? तुला इथलं काही आवडलं का?"

भिंगरीने विचार केला. "काल त्या म्हाताऱ्या बाईंची उलटतपासणी चालली होती ना, तेव्हा माझं लक्ष एकदाही हललं नाही."

"मग जाऊन बघ. पण कॉलेजात आधीच सगळं सांग. लपवण्यातच माणूस अर्धा दमतो."

तिने प्रवेश घेतला आणि आपल्या विकाराचं कॉलेजात सांगितलं. परीक्षेला जादा वेळ मिळाला, एक मैत्रीण धडे मोठ्याने वाचून दाखवू लागली. तरी पहिल्या सत्रात दोन विषय राहिलेच. 'मी म्हटलं नव्हतं?' हे आईच्या ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं. भिंगरीत तर रडायचंही त्राण नव्हतं.

संध्याकाळी तिने आत्याला फोन केला. "अजून एक सत्र बघते. नाहीच झेपलं तर सोडेन."

"सोडलंस तरी माझ्याकडे यायचं थांबू नकोस," आत्या म्हणाली.

भिंगरीने फोन ठेवला आणि राहिलेल्या दोनपैकी एका विषयाचं पुस्तक घेऊन मैत्रिणीकडे निघाली.