सात खंडेनवम्यांचा शेंदूर

आमचं मालक कसं हुतं म्हनून इचारता? पलटणीतला मानूस! सदऱ्याचं बटन तुटलं तर दोऱ्याचा रंग जुळल्याबिगर लावू द्यायचं न्हाईत. पलटणीत गाड्यांचं मिस्त्रीकाम केलं, पासष्टची लढाई बगितली आन् घरला आलं ते तोंडाला कुलूप लावून. आटपाडीच्या अलीकडं आमचं रान. पर सकाळ झाली की हे पारावर, डोळं एस्टीच्या रस्त्याकडं. दोनदा न सांगता पिशवी घिऊन निघालं. दोन्ही बारीला दिरानं स्टँडावरनं माघारी आणलं. मला वाटायचं, आता तिसऱ्यांदा गेलं की गेलंच.

एकोणसत्तर साली पुण्याला लष्कराच्या लिलावात ह्यांनी जुनी जीप घेतली. जीप कसली, नुसता सांगाडा! ट्रकात घालून आणला. मी लय बोलले. म्हनलं, "ह्यात काय कोंबड्या पाळायच्या?" पर दुसऱ्या दिवसापासनं मानूस पाराकडं फिरकला न्हाई. छपरात जीप आन् जीपखाली मालक. सांगली-मिरजंच्या भंगारात हिंडून एकेक सामान आणायचं. जेवायला हाक मारली की खालनं "आलो" म्हनायचं. तेवढ्या एका शब्दानं माझं प्वाट भरायचं.

खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात. विळा पुजला, कुऱ्हाड पुजली, ह्यांचं नटबोल्टाचं पानं पुजलं. मग जीपच्या पुढच्या दांडीला, डाव्या अंगाला, तेलात कालवून शेंदूर लावला आन् मनातल्या मनात एक मागणं मागितलं. मालक खेकसलं, "अगं, मशीन हाय ती, मारुती न्हाई!" पर पुसलं न्हाई. सात वर्सं त्याच जाग्याला लावत गेले. म्हसोबाच्या दगडावर चढतो तसा थर चढला.

शहात्तरला जीप चालू झाली. सांगलीला पासिंगला न्यायची तर मालकांनी घोळ घातला. गाडीवरची कंपनीच्या नंबराची पट्टी गंजली हुती, ती ह्यांच्या डोळ्यांत खुपाया लागली. सांगलीतनं नवी पितळी पट्टी करून आणली, तिच्यावर त्योच नंबर ठोकून घेतला आन् जुनी दिली फेकून. आता ह्या टापटिपीला काय म्हनावं?

त्याच महिन्यात जतकडं एक टोळी घावली. चोरीच्या जीपा फोडून सुटं सामान भंगारात विकायची. फौजदार गावोगावच्या जुन्या जीपा तपासत आमच्या दारात आलं. पट्टी बघूनच मालकांना म्हणालं, "लालासाहेब, हे तर नवं ठोकलंय. लिलावाचा कागद आहे, पण त्या कागदावरची जीप हीच कशावरून?"

"सारं गाव सात वर्सं बघतंय की," मी मधीच बोलले.

"मध्ये सांगाडा बदलला नाही कशावरून? चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या दांडीच्या, लोखंडावर मूळ नंबर ठोकलेला असतो, तो दाखवा. मंगळवारी येतो. नाही दिसला तर गाडी ठाण्यात."

तीन दिवस ह्यांनी तारेच्या बुरशानं चासी घासली. लोखंड चांदीगत झालं, नंबर काय दिसंना. सोमवारी सकाळी बगते तर छपरात कोन न्हाई. मालक पारावर! डोळं एस्टीच्या रस्त्याकडं.

धावत गेले. म्हनलं, "आवं, शेंदराखाली बगितलं का?"

"न्हाई."

"मग खरवडा की!"

"तुझा देव हाय त्यो. मी हात लावायचो न्हाई."

बगा आता! सात वर्सं मशीन म्हनत आलं आन् आजच ह्यांला देव दिसला! तशीच माघारी फिरले, चुलीपुढचं उलथनं घेतलं. "देवा, रागावू नगंस," म्हनलं आन् घातला घाव. शेंदराच्या खपल्या निघाल्या. तेलानं लोखंडाला गंज धरू दिला नव्हता. खाली आकडं हुतं! मला कुठलं वाचता येतंय? पर वराडले अशी, की मालक पारावरनं पळत आलं. कागद काढला, आकड्यावर बोट ठेवून एकेक जुळवला. सगळा नंबर जुळला तवा कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

मंगळवारी फौजदारानं त्या जाग्यावर कोरा कागद धरून पेन्सिल घासली. आकडं उमटलं, कडंनं शेंदूरबी लागला. "वहिनी, तुमच्या देवानंच साक्ष दिली," म्हणालं आन् कागद घिऊन गेलं.

माझी नखं अजून लालच हुती. मालकांनी घासलेटचा बोळा घेतला आन् माझा हात धरून एकेक बोट पुसाया लागलं. लगीन झाल्यापासनं असं कवा केलं नव्हतं.

"काय मागत हुतीस गं दरसाली?"

"तुमी घरी ऱ्हावं म्हनून."

बोळा थांबला. "येडे, जीप गेली असती तरी मी कुठं जात हुतो? घरीच ऱ्हायलो असतो की."

डोळ्यांला धार लागली माझ्या. पर गप बसंल ती मी कसली! म्हनलं, "मग हे आधी सांगाया काय झालं हुतं? सात वर्सांचं तेल वाचलं असतं माझं!"