कच्च्या टाक्यांचा ब्रेक

वहिनी निवृत्त झाल्या तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, आता त्या आराम करतील. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दीक्षितपुऱ्यात आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो, ते वर आणि आम्ही खाली. मी सलवार-सूट शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कटिंग मास्टर आहे. आयुष्यभर कापड कापलं, विमानाशी माझा संबंध आकाशात आवाज आला की वर बघण्यापुरता.

वहिनींनी आराम केला तो जेमतेम आठवडाभर. मग एक दिवस ऑटोत बसून त्या नेपियर टाउनला गेल्या आणि संध्याकाळी सांगितलं, काम मिळालं. तिथे एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, काही तरुण इंजिनीअर बिनपायलटची छोटी विमानं बनवत होते. त्यांना नकाशे तपासणारं जाणतं माणूस हवं होतं. त्यांची प्रमुख एक तिशीतली मुलगी होती. ती हिंदी बोलणारी, वहिनींना आंटीजी म्हणायची आणि त्यांनी लाल पेन हातात घेतलं की गप्प व्हायची.

त्या मुलांचं विमान म्हणजे दोन्ही हात पसरावेत एवढ्या रुंद पंखांचं, फोम आणि कार्बनच्या काड्यांचं हलकं धूड. कुंडमच्या बाजूला जंगलात जी गावं आहेत तिथल्या आरोग्य उपकेंद्रांत औषधं पोचवायची आणि तिथून रक्ताचे नमुने शहरात आणायचे, हे त्याचं काम. चार पंख्यांचा ड्रोन एवढ्या लांब जाऊन परत यायच्या आत बॅटरी संपायची. पंखांचं विमान आरामात जायचं, पण त्याला उतरायला लांबलचक सपाट जागा लागायची. उडवायला गलोलीसारखं रबर पुरायचं, उतरवायला मैदान कुठून आणणार? उपकेंद्रासमोर असतं ते अंगण, आणि अंगणाभोवती उंच झाडं. झाडांवरून सरळ खाली यावं तर विमानाचा वेग वाढतो आणि ते अंगण ओलांडून पुढच्या झाडांत घुसतं.

हे सगळं मला वहिनींनी जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि मग विचारलं, "भाऊजी, वाऱ्यानं फाटणार नाही आणि घडी केली तर रुमालाएवढं होईल, असं कापड कोणतं?"

"काहून? कोणासाठी शिवून राहिले?"

"विमानासाठी."

मी हसलो नाही. वहिनी थट्टा करत नसत.

त्यांची कल्पना अशी होती. विमानाच्या शेपटीला चार कापडी पाकळ्या लावायच्या, बारीक काड्यांवर ताणलेल्या. उडताना त्या अंगाला चिकटून मिटलेल्या राहतील. उतरायची वेळ आली की एक छोटी मोटर खीळ काढेल, पाकळ्यांच्या टोकांखाली वारा शिरेल आणि वादळात छत्री उलटी होते तशा त्या बाहेर उघडतील. मग विमान कितीही तिरकं खाली आलं तरी वेग वाढणार नाही. ब्रेक हवेतला आणि जोरही हवेचाच, वजन मात्र जवळजवळ काही नाही.

मी जॅकेटच्या अस्तराचं नायलॉन आणलं आणि पहिला ब्रेक शिवला. तो तपासायला आमच्याकडे माझी स्कूटर होती. सकाळी रिकाम्या रस्त्यावर मी स्कूटर चालवायची आणि वहिनींनी मागे उलटं बसून, मिटलेला ब्रेक लावलेली काठी एका ताणकाट्याला अडकवून धरायची. ताणकाटा म्हणजे भंगारवाल्यांकडे असतो तो, हुकाला ओढलं की काटा सरकणारा. साठी उलटलेली बाई स्कूटरवर उलटी बसणार, हे ऐकून दादा भडकला. "हातपाय मोडून घेशील," तो वहिनींना म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच त्यांच्यासाठी नवीन हेल्मेट आणलं आणि रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभा राहिला.

वहिनींनी खीळ काढली. मागून फटाका वाजावा तसा आवाज आला, स्कूटर डगमगली आणि ताणकाटा रस्त्यावर घरंगळत गेला. पाकळ्या एका क्षणात उघडल्या होत्या आणि त्या धक्क्याने दोन काड्या मधोमध मोडल्या होत्या. मी घाबरून मागे पाहिलं. वहिनी मोडलेल्या काड्या निरखत होत्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

"छान काय वहिनी? मोडला ना."

"कुठून मोडतो ते तर कळलं."

पुढचे दोन महिने त्या धक्क्याच्या मागे लागल्या. पाकळ्या हळू उघडायला हव्या होत्या. त्यांनी स्प्रिंग लावून पाहिली, ती जड पडली. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा त्यांनी टेबलावर ठेवला होता आणि प्रत्येक चीज त्यावर ठेवून बघायच्या, गोंदाचा थेंबसुद्धा. रबर लावलं तर पाकळ्या उघडायच्या, परत मिटायच्या, परत उघडायच्या. प्रत्येक अपयश त्या तारीख घालून लिहून ठेवायच्या आणि खाली स्वच्छ रेघ मारायच्या. मी त्यांना वैतागलेलं पाहिलं नाही. मला मात्र वाटायला लागलं होतं की हे काही होत नाही.

एका रविवारी मी घरी बायकोच्या कुर्त्याची बाही बसवत होतो. आधी कच्चा टाका घातला, पक्क्या शिवणीआधी घालतात तो, पण बाही थोडी मागे बसली, म्हणून दोन्ही कापडं धरून टाका उसवला. कच्च्या दोऱ्याचे टाके एकेक करत तुटत गेले. वहिनी जिन्यावरून उतरत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"परत करा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"टाका घाला आणि परत उसवा. पण हळू."

मी घातला आणि उसवला. त्यांनी वर जाऊन ताणकाटा आणला, मला परत टाका घालायला लावला, कुर्ता हुकाला अडकवला आणि बाही मला ओढायला सांगितली. टाके तुटत गेले आणि काटा एका जागी थरथरत राहिला, मागे नाही की पुढे नाही. वहिनी त्या काट्याकडे बघत जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"भाऊजी, हा प्रत्येक टाका थोडा थोडा धक्का खातो आणि मग मरतो," त्या म्हणाल्या. "धक्का एकाच्या अंगावर येतच नाही."

पुढचं त्यांनी त्याच दिवशी कागदावर काढलं. एक पट्टी दुमडून तिला कच्चे टाके घालायचे. पट्टीचं एक टोक शेपटीला आणि दुसरं पाकळ्यांना बांधायचं. पाकळ्या उघडायला लागल्या की पट्टी ताणली जाईल, टाके एकामागून एक तुटतील आणि पट्टी तेवढी तेवढी लांब होत जाईल. पाकळ्यांना सावकाश उघडावंच लागेल. पट्टीचं वजन काट्यावर केलं तर सुपारीच्या खांडापेक्षा कमी भरलं.

मग माझं खरं काम सुरू झालं. कोणता दोरा, किती लांबीचा टाका, पट्टी सुती की नायलॉनची, याचे नमुने मी शिवायचो आणि त्या तोडायच्या. मला वाटत होतं, हाताने घातलेला टाकाच चांगला, माझा हात वर्कशॉपमध्ये नावाजलेला. वहिनींनी हाताचे आणि मशीनचे नमुने शेजारी शेजारी तोडले आणि वही माझ्यापुढे केली. हाताचा टाका कुठे लवकर तुटत होता, कुठे उशिरा. मशीनचा एकसारखा तुटत होता. मी थोडा रुसलो. त्यांनी माझी समजूत काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "मशीन पण तुम्हीच चालवून राहिले ना."

आणखी एक अडचण राहिली होती. शहराबाहेरच्या मैदानावर विमानाला ब्रेक लावून उडवलं तेव्हा पाकळ्या छान उघडल्या, पण त्यानंतर विमान शेपूट हलवत डोलायला लागलं. वहिनी म्हणाल्या, पाकळ्यांमागे हवा कोंडते आणि कधी या बाजूने, कधी त्या बाजूने सुटते, तिला वाट द्या. वाट द्यायची म्हणजे चांगल्या ताणलेल्या कापडाला भोकं पाडायची. कापडाला भोक पडू नये यासाठी मी पगार घेतो, माझा हात धजेना. त्यांनी खडूने चार लांबट फटी आखल्या, कात्री माझ्या हातात दिली आणि उभ्या राहिल्या. मी कापल्या आणि कडांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावली, म्हणजे उसवणार नाहीत. विमानाचं डोलणं थांबलं.

कुंडमकडच्या पहिल्या खऱ्या चाचणीला आम्ही जीपने गेलो. ती प्रमुख मुलगी, वहिनी आणि मी. उपकेंद्रातली नर्स दारात उभी राहून बघत होती. विमान झाडांवर आलं, ब्रेक उघडला, पण तीनच पाकळ्या बाहेर आल्या. विमान एका अंगावर वळलं आणि मोहाच्या झाडात जाऊन अडकलं. खाली काढलं तेव्हा नाक फुटलं होतं आणि एक पंख गेला होता. मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आंटीजी, छह महीने की मेहनत थी."

मी चौथी पाकळी हातात घेतली आणि तिची घडी उलगडून पाहिली, उलगडेना. आदल्या दिवशी घडी मी घातली होती. आम्ही सूट पॅक करताना घालतो तशी, इस्त्री फिरवून, कडक. नायलॉनवरचा पातळ थर गरम होऊन कापड कापडाला चिकटलं होतं. वहिनींनी पाकळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं.

"दोष माझा आहे," त्यांनी मुलीला हिंदीत सांगितलं. "घडी कशी घालायची ते मी नकाशात दाखवलं नव्हतं."

परतताना जीपमध्ये मी हळूच म्हटलं, "वहिनी, इस्त्री मी केली."

"माहीत आहे. पण जे नकाशात नाही, ते करणाऱ्याची चूक नसते भाऊजी. नकाशा काढणाऱ्याची असते. मी सारी नोकरी हेच शिकले."

त्यांनी त्यानंतर घडीचा वेगळा नकाशा काढला. पाकळी दुमडायची नाही, बोटाएवढ्या जाडीच्या काठीवर गुंडाळायची, काठी काढून घ्यायची, टोक कुठे ठेवायचं, खीळ कुठून घालायची, सगळं पायरीपायरीने, बाजूला हाताची चित्रं. ते हात माझे आहेत. मला समोर बसवून त्यांनी ते काढले होते.

दुसरं विमान तयार व्हायला पावसाळा संपला. आम्ही परत त्याच अंगणात गेलो. झाडांच्या वर ते दिसलं, पाकळ्या उघडल्या, या वेळी चारही आणि फूल उमलावं तशा निवांत. विमानाने नाक खाली घातलं आणि उतारावरून ओझं घेऊन माणूस जपून उतरतो तसं ते झाडांच्या मधून खाली आलं, अंगणात टेकलं आणि थोडं घसरून थांबलं. नर्स आपणहून पुढे गेली, तिने डबा उघडला आणि औषधं मोजायला लागली.

वहिनी डब्याकडे गेल्या नाहीत. त्या शेपटीजवळ गुडघे टेकून बसल्या आणि चष्मा कपाळावर करून पट्टीचे टाके मोजू लागल्या.

"एकवीस तुटले, सात राहिले."

"मग बरं झालं का वाईट?" मी विचारलं.

"बरं. आज वारा कमी होता. जास्त असता तरी सात शिल्लक होते."

तो शोध सरकारदरबारी नोंदवावा म्हणून त्या मुलांनी पेटंटचा अर्ज तयार केला. त्यात शोध लावणाऱ्यांची नावं भरायची होती. वहिनींनी आपलं नाव लिहिलं, खाली माझं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, मी नुसतं शिवलं, डोकं तुमचं.

"टाका कोणाचा होता?"

"टाका तर सगळ्या शिंप्यांचा आहे वहिनी."

"पण दाखवला कोणी? नमुने कोणी शिवले? करा सही."

दादा शेजारी चहा पीत होता. तो म्हणाला, "कर रे. ती ऐकणार नाही." मी सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. विमानं मात्र कुंडमकडे जातात, हवा बरी असली की. त्यांच्या पट्ट्या मी वर्कशॉप सुटल्यावर शिवतो, आणि वहिनी प्रत्येक दहातली एक पट्टी काढून घेऊन तोडून बघतात. मला विचारून नाही. सध्या त्या पंखाच्या मागे आहेत. तो मधून मिटला आणि हवेत आपोआप उघडून घट्ट बसला, तर अख्खं विमान मोटरसायकलवर मागे बांधून नेता येईल असं त्यांचं म्हणणं आहे. परवा त्यांनी माझ्याकडून कॉलर कडक राहावी म्हणून आत घालतात त्या बकरमचे तुकडे मागून नेले. काय करणार ते मी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी आणखी थोडे नेऊन दिले.