जाळी बसायच्या आधी

मला स्वप्नात विहीर दिसते, आणि ती नेहमी तीच असते, वडनेरच्या आमच्या शेतातली. मी एकेक पायरी उतरते आणि पाणी एकेक पायरी खाली जातं. मी थांबले की तेही थांबतं. भीती वाटत नाही. हिरवट उजेड असतो, कपारीतून पारवे घुमत असतात, वर बाभळीला सुगरणीचे खोपे हलत असतात. पाय मात्र कोरडेच राहतात. जाग येते तेव्हा मी सेलूच्या माझ्या भाड्याच्या खोलीत असते आणि थोडा वेळ कळत नाही की आपण नक्की कुठून वर आलो.

ही विहीर बाबांनी खणली. आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नसे. खाली उभं राहायचं, कुणी येईल आणि वरून ओतेल तेवढं घ्यायचं. पुढे त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण ते उभं राहणं काही त्यांच्या पायांतून गेलं नाही म्हणे. बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले, थोडीशी जमीन घेतली, आणि घर पत्र्याचंच ठेवून आधी विहीर बांधली. आत उतरायला दगडी पायऱ्या ठेवल्या. म्हणायचे, "या पाण्याले हात लावाले कोणालेच मनाई नाई."

मला त्यांनीच पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. दोन भावांच्या आधी माझा डबा सुटला. आम्ही आत दंगा करत असलो की बाबा काठावरून बादली सोडायचे, आमच्या मधोमध ती बुडवून वर ओढायचे आणि ओंजळीने पाणी प्यायचे. आम्ही खालून ओरडायचो, "बाबा आमच्या आंघोळीचं पाणी पिऊन राह्यले!" ते मिशा पुसत सांगायचे, "लेकरांच्या अंगाचं पाणी गोड लागते." दरवेळी हेच आणि दरवेळी आम्ही खदाखदा हसायचो. मला ते खरंच वाटायचं, की पाणी माझ्यामुळे गोड होतं.

बाराव्या वर्षी पाळी आली आणि आई म्हणाली, "आता चार दिवस विहिरीवर नको जाऊ."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? विटाळ असते."

हा शब्द आमच्या घरात चालत नसे. कुणी पाहुणा चुकून बोलला तरी बाबांचा चेहरा बदलायचा. म्हणून मी धावत त्यांच्याकडेच गेले. ते पंपाचा पाइप आवळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. आवळलेलाच पाइप पुन्हा आवळला आणि म्हणाले, "तुह्या आईले विचार."

आईवरचा राग दोन दिवसांत गेला. ती बिचारी तिच्या आईने सांगितलं ते सांगत होती. बाबांवरचा गेला नाही. साऱ्या गावाशी भांडून आलेला माणूस माझ्या वेळेला पाइप आवळत बसला, हे मला आजही सहन होत नाही. चार दिवसांचं मग कायमचंच झालं. आधी कापड, मग अंगाला चिकटणारे ओले कपडे, मग बांधावरून जाणारी पोरं. कारणाला काय, शोधलं की सापडतं. भाऊ उतरत राहिले. मी काठावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळले, मग तेही सोडून दिलं, मास्तरीण झाले आणि सेलूला निघून आले. तिथल्या शाळेत भूगोल शिकवते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईचा फोन आला. शेजाऱ्याची बकरी विहिरीत पडली होती. बाबांचे गुडघे गेलेत, पायऱ्या निसरड्या झाल्यात. "सोमवारी वेल्डिंगवाला येऊन राह्यला. लोखंडी जाळी बसवतो म्हणते तुहे बाबा. पाह्याची असन त रविवारी येजो."

मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला ती नुसती पाहायची नाही. मला उतरायचं होतं. आता नाही तर कधीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी आली. मी चौकटीला टेकून हसले. विहिरीचं आणि माझं गणित किती पक्कं!

कपाटात पाळीच्या दिवसांत वापरायचा एक कप पडून होता. सरकारी दवाखान्यात सिस्टर असलेल्या माझ्या मैत्रिणीने उन्हाळ्यात आणून दिला होता. शाळेत दिवसभर उभं राहून पॅडने मांड्या सोलवटतात, याचं रडगाणं ती फार वर्षं ऐकत होती. "घे, अन् आता मले सांगू नको," म्हणाली होती. मी तो कापडी पिशवीतून एकदा काढून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला. मऊ, पारदर्शक, खाली शेपटीएवढा दांडा. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली बाई मी. हे आपल्यासाठी नाही, असं ठरवून मोकळी झाले होते.

आता मात्र चहाचं जुनं पातेलं त्याच्यासाठी कायमचं बाजूला काढलं आणि त्यात पाणी उकळायला ठेवलं. बुडबुड्यांबरोबर तो वरखाली होत होता. मी गॅससमोर उभी राहून नुसती बघत राहिले.

बाथरूममधली पहिली फजिती सांगण्यासारखी आहे. कडा दुमडून घडी घालायची, उकिडवं बसायचं, श्वास सोडायचा, असं सिस्टरने शिकवलं होतं. घडी घातली, श्वास सोडला, तेवढ्यात कप टुणकन उघडला, हातातून सुटला आणि बादलीमागे जाऊन पडला. पुन्हा धुणं, पुन्हा उकळणं. दुसऱ्यांदा अंग असं आखडलं की जणू मीच माझ्या दारावर कडी लावून बसले होते. शेवटी फोन लावला.

"आत हरवला तर?"

"जाऊन जाऊन कुठी जाईन? आत काही नागपूर नाई बसलं," सिस्टर म्हणाली. "घाई नको करू. डोये मीट. एखादी थंडीगार जागा आठव."

मी डोळे मिटले. जागा आठवायला कष्ट पडलेच नाहीत. हिरवट उजेड, पारवे. एक पायरी, अजून एक. आणि कप गेला. आत कुठेतरी हळूच उघडला, बोट फिरवून पाहिलं तर कडा गोल बसली होती. मी उठून उभी राहिले, चार पावलं चालले. काहीच नव्हतं. ओलं नाही, टोचणं नाही, काही नाही. इतकी वर्षं महिन्यातले ते दिवस मी स्वतःला भरलेल्या घागरीसारखी सांभाळून चालले होते, आणि आता सांभाळायलाच काही नव्हतं. मी खोलीभर उगाच फिरले.

संध्याकाळी काढताना मात्र घाम फुटला. दांडा ओढला तर तो जागचा हलेना. सिस्टरचं आठवलं, ओढायचं नाही, बूड चिमटायचं म्हणजे हवा सुटते. चिमटलं, सुटला. आणि मी पहिल्यांदा माझं रक्त पाहिलं. म्हणजे याआधी डाग पाहिले होते, कापडं पाहिली होती, कागदात गुंडाळून लपवलेले पॅड पाहिले होते. हे तसं नव्हतं. अंबाडीच्या बोंडांच्या सरबतासारखा स्वच्छ गडद लाल रंग, वास नाही, आणि एवढंसंच. मी तो कप दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला. याच्यासाठी, या एवढ्याशासाठी, मला पाण्यापासून लांब ठेवलं होतं. मग मात्र मी रडले, आणि रडून झाल्यावर जेवले.

रविवारी पहाटेच निघाले. वर्ध्याहून हिंगणघाटच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून झोपले. दोन्हीकडे कापूस फुटला होता, मध्ये धुकं, त्यामुळे कापूस कुठे संपतो ते कळत नव्हतं. हिंगणघाटला उतरताना सवयीने मागे वळून सीट पाहिली. पोरीबाळींना ही सवय कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. सीट कोरडी होती. मी बाकीच्या उतारूंना अडवून तशीच बघत उभी होते. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, काही हरपलं का?"

घरी आईला आधी सांगितलं. पिशवीत आदल्या दिवशी सिस्टरकडून मागून आणलेला दुसरा, न वापरलेला कप होता, तो तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून उलटासुलटा केला.

"हे त लेकराच्या बाटलीचं निप्पल दिसते. अन् आत राह्यते? दुखत नाई?"

"नाई दुखत. मी आता बी घालून आली."

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली, जणू कुठून तरी दिसेल. मग तिच्याच आठवणी निघाल्या. कापूस वेचायला गेलं की लुगड्याचं फडकं वाळून कडक व्हायचं, संध्याकाळी मांड्यांना तेल लावूनही चालता यायचं नाही. ते धुऊन ती दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायची, उन्हाला दिसू नये म्हणून. "ऊन काय म्हणणार होतं वं," ती स्वतःशीच म्हणाली. कप तिने पदराला पुसला आणि परत केला.

"आई, मी विहिरीत उतरून राह्यली."

तिने दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला. ती म्हणाली, "उतर. आत हाय त कोणाले कळते? बाबाले फक्त नको सांगू."

तिने किती मोठी परवानगी दिली होती, हे मला कळत होतं. पण मला रागच आला. कोणाला कळू न देता उतरायचं, तर मग लपवलेल्या फडक्यात आणि या कपात फरक काय राहिला? चोरून उतरले असते तर ते पाणी माझं झालंच नसतं. मला बाबांना सांगूनच उतरायचं होतं. आणि ते नाही म्हणाले तर उद्या जाळी बसणार होती.

बाबा विहिरीच्या काठावर बसले होते. काठी बाजूला, दोर गुंडाळून बादलीत. धुकं उठून गेलं होतं, पण पाण्यातून अजून वाफ निघत होती. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. पाणी चांगलं वर होतं, पायऱ्या निम्म्या बुडाल्या होत्या. आई टॉवेल घेऊन मागे येऊन उभी राहिली. मी बाबांच्या समोर गेले, कारण त्यांच्या बाजूला बसून बोलले असते तर धीर झाला नसता.

"बाबा, मले पाळी आली हाय. अन् मले विहिरीत उतराचं हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. बाभळीवरच्या खोप्यातून एक पीस सुटलं आणि सावकाश, अगदी सावकाश, गोल फिरत खाली गेलं. ते पाण्याला टेकेपर्यंत मी बारा वर्षांची होते. त्यांचा हात बाजूच्या दोराकडे गेला, तो त्यांनी उगाच ओढून घट्ट केला, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"खालच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ हाय," बाबा म्हणाले. "जपून उतरजो, माय."

मी ओढणी काढून आईकडे दिली आणि सलवार-कुर्त्यातच उतरू लागले. एक पायरी, दुसरी. दगड गार होता. पाण्याची रेघ जवळ आली आणि मी पाऊल थांबवलं, कारण मला माहीत होतं की आता ते खाली जाणार. ते गेलं नाही. पाऊल टेकवलं, घोट्याला कोमट लागलं, मग पोटरीला, मग कमरेला. मग मी हात सोडले.

अंग विसरत नाही. दोन हात मारले आणि मी मधोमध पाठीवर पडून होते. कान पाण्यात होते, त्यामुळे फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. वर गोल आभाळ, त्याच्या कडेला खोपे. पारवे एकदम उडाले आणि परत येऊन बसले. कुर्ता फुगून भोवती तरंगत होता. माझ्या आत एक लहानसा कप होता आणि मी त्या मोठ्या गोलाच्या आत होते, आणि दोन्हीकडे सगळं शांत होतं. आपण जागे आहोत की सेलूच्या खोलीत झोपलो आहोत, हे मी काही वेळ ठरवलंच नाही.

मग माझ्या डोक्याशी काहीतरी आदळलं आणि मी दचकून सरळ झाले. बादली होती. दोराला बांधलेली, तीच जुनी, बुडाशी चेपलेली. ती तिरपी झाली, माझ्या खांद्याला लागून बुडली, भरली आणि हिंदकळत वर निघाली. थेंब माझ्या तोंडावर पडत होते. वर बाबा थांबत थांबत दोर ओढत होते, आई दोराला हात लावायला पुढे आली, त्यांनी तिला मानेनेच नको म्हटलं.

बादली काठावर टेकली. बाबा वाकले, ओंजळ भरली. मी पाण्यातून वर बघत पाय हलवत राहिले. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि संपेपर्यंत प्याले. मग मिशा पुसल्या आणि काठावरून खाली माझ्याकडे पाहिलं.

"गोड हाय," बाबा म्हणाले.