पुरे सर

मैदानावर पोरांना पळवणारे मास्तर पुष्कळ पाहिले. पळणाऱ्यांना थांबवणारे एकच. अंगात अजून दम आहे असं वाटत असतानाच ते शिट्टी वाजवायचे आणि म्हणायचे, "पुरे. बाकीचं उद्या." माकणीच्या शाळेत आम्ही त्यांना 'पुरे सर'च म्हणायचो.

शिकवण साधी होती. आधी अंग गरम करायचं. या आठवड्यात पळलो त्याहून थोडंसंच जास्त पुढच्या आठवड्यात पळायचं. आणि रविवारी मैदानात पाय टाकायचा नाही. "ताकद पळताना येत न्हाय गं," ते सांगायचे, "पळून आल्यावर निजलीस की येती."

मला ते पटलं नाही. नववीत आठशे मीटरसाठी माझी विभागाच्या स्पर्धेला निवड झाली, तेव्हा मी रविवारीही चोरून धरणाच्या डांबरी रस्त्यावर पळू लागले. महिन्याभरात नडगी ठणकायला लागली. कुणाला बोलले नाही. सरांनी नुसती माझी चाल बघितली आणि विचारलं, "रविवारी कुठं असतीस?"

त्याच दिवशी त्यांनी स्पर्धेतून माझं नाव काढून घेतलं.

शाळेतून पहिल्यांदाच कुणीतरी तिथवर पोचलं होतं. मुख्याध्यापक चिडले. वडील तर मैदानावर येऊन भांडले, "चार दिवसांचा तर सवाल हाय सर, पळू द्या की पोरीला!"

"तिला अजून लई वर्षं चालायचंय," सर एवढंच म्हणाले.

दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेला गेले, पाचवी आले. तिथंच माझं पळणं संपलं.

आता मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर उभी असते. गेल्या उन्हाळ्यात येरमाळ्याला सर गाडीत चढले, वाळून गेलेले. माझी सलग दुसरी ड्युटी होती, बोलायचंही त्राण नव्हतं. तरी मी म्हणाले, "सर, तवा लई राग आला होता तुमचा."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मलाबी लई दिवस वाटायचं, चुकलो की काय."

'न्हाय चुकलात' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी तिकिटासाठी हाक मारली. गर्दीतून परत पुढं आले तोवर सर उतरून गेले होते.

दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं. रजा मागितली, मिळाली नाही. त्या दिवशी गाडी निम्मी रिकामी होती. तरी मी उभीच राहिले.