फणसाची रेघ

माझे हात शिवशिवतात, हा माझा जुना रोग. आई उमरठ गावाच्या वर, वाडीत एकटी राहते. मे महिन्यात मुंबईहून तिच्याकडे गेले, तेव्हा दारं नुकतीच रंगवून झाली होती आणि मागच्या खिडकीच्या काचेवर रंगाचे शिंतोडे वाळले होते. आई गोठ्यात होती. मी साबणाचं पाणी लावलं, ब्लेड तिरपं धरलं आणि एकेक ठिपका सोलला. मधोमध बोटभर उभी तांबडी रेघ होती, तीही काढली. काच लख्ख झाली.

आई आत आली आणि मटकन खाटेवर बसली. "गो, माझी रेघ?"

त्या खिडकीतून डोंगराचा चढ आणि त्यावरचं फणसाचं झाड दिसतं. झाडाच्या वर जमिनीला चीर पडल्यापासून आई रोज खाटेवर बसायची, डोकं भिंतीतल्या खुंटीला टेकवायची, एक डोळा मिटायची. खोड रेघेमागं लपलं तर डोंगर जागच्या जागी. बाहेर डोकावलं तर डोंगर सरकतोय, मग सगळं सोडून नाते गावी मामाकडं जायचं, असं तिनं मामाला कबूल केलं होतं. मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी भित्री ना!

माझी पाचावर धारण बसली.

"रंगकामापायी आठ दिस खाट पडवीत व्हती, बघायला नाय झालं. तू खरवडलीस तवा झाड रेघेमागंच व्हतं ना?"

मी झाडाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "होतं की," म्हणाले.

"मग ऱ्हाते मी हितंच."

तिनं खुंटीला डोकं टेकवलं आणि खोड आता जिथं दिसत होतं तिथं मला बोट दाखवलं; तिथंच मी नेलपॉलिशनं नवी रेघ ओढली.

आता पाऊस लागलाय. रोज सकाळी फोन करते. "रेघेतच हाय गो," आई म्हणते, आणि मी तेवढ्यापुरती कामाला लागते. काल मात्र राहवलं नाही. रडत रडत सांगून टाकलं, "आई, मी झाड बघितलंच नव्हतं."

"मना ठावं हाय," ती शांतपणे म्हणाली. "खुंटीला डोकं टेकल्याबिगर झाड रेघेत हाय का नाय ते दिसतंय व्हय? पण तुजं तोंड पांढरं पडलेलं. तुला धीर यावा म्हणून गप ऱ्हायले."

मला धीर यावा म्हणून! मग रोजचं "रेघेतच हाय" कशासाठी होतं? तिचा फोन ठेवला आणि मामाला लावला. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि तिला घेऊन ये. झाड बघत बसू नकोस."