सात दिवसांची वही

"उभीच राहा. खुर्चीला हात लावू नको."

लस टोचायच्या दवाखान्यात नावं नोंदवणाऱ्या साहेबानं माझं आडनाव वाचलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. माझ्या आधीच्या बाई शाळेत शिकवणाऱ्या. त्यांना तो "बसा ना मॅडम" म्हणाला होता. आलो होतो दोघी एकाच कामाला. कोरोनाची नवी लस माणसांवर तपासायची होती, त्यासाठी आपणहून नावं दिली होती.

मी केडगावात राहते, सुप्याच्या कारखान्यात झाडलोट करते. थोरला भाऊ कोरोनानं गेला. त्याचं तोंडही बघू दिलं नाही. म्हणून मी दंड पुढं केला. कुणाला खरी लस, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं, ते तपासणाऱ्यालाही माहीत नसतं. घरी न्यायला एक वही दिली. सात दिवस काय होतंय ते लिहायचं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. दंड सुजला. तीन दिवस झाडू उचलेना. सगळं लिहिलं. बारावी शिकलेय मी.

आठव्या दिवशी वही घेऊन गेले. साहेबानं वाचली. कपाळावर आठ्या. वही खणात टाकली, कोरी काढली आणि माझ्यासमोर सातही दिवस एका दमात भरले. 'त्रास नाही. त्रास नाही.'

"कर सही."

"हे मी लिवलेलं न्हाई."

"तुम्हा लोकांना अंग कोमट झालं तरी ताप वाटतो. हे वर पाठवलं की ढीगभर कागद मला भरावे लागतात. लस लवकर यायला पाहिजे का नको?"

क्षणभर माझीच मला लाज वाटली. माझ्यामुळं लस अडणार? पेन हातात घेतलं. मग डोक्यात लख्ख झालं. असे किती जण सही करून गेले असतील? त्यांचे ताप कुठं गेले? उद्या हीच लस गावोगावच्या दंडात जाणार.

पेन ठेवलं.

"ताप मला आल्ता साहेब, तुमाला न्हाई. माझी वही द्या."

"चल, निघ. नाव कापतो तुझं."

व्हरांड्यात आले. टोचायच्या आधी सही घेतलेल्या संमतीच्या कागदावर तक्रारीसाठी एक फोन नंबर होता. लावला. सगळं सांगितलं.

चौकशीला माणसं आली. खणातून माझ्या वहीसोबत आणखी वह्या निघाल्या. साहेबाची बदली झाली. माफी कुणीच मागितली नाही. ताप लशीनं आला का दुसऱ्या कशानं, ते अजून कळलेलं नाही.

लस यावी, असं मला तेव्हाही वाटत होतं. नाव कापलं गेलं नव्हतं, दुसऱ्या डोसला मी गेले. पण माझ्या अंगाला काय झालं, ते दुसरं कुणी ठरवणार नाही. झालं तेच लिहीन. खोडायला येईल त्याचा हात धरीन.