चिठ्ठीवरचा पत्ता

सहा महिने मी देवाशी अबोला धरला होता. कुणाला कळायचं कारण नव्हतं, कारण रविवारी उपासनेला मी पहिल्या बाकावर असायचे आणि आमच्या मिशनच्या शाळेत नववीच्या मुलींचा सेवा गटही मीच चालवायचे. दर शनिवारी त्या दोघी-दोघींनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायच्या, कुणाची नखं कापायच्या, कुणाला बायबलमधला अध्याय वाचून दाखवायच्या. पण डोंबिवलीत, मानपाड्याच्या माझ्या दोन खोल्यांत माझीच आई सगळं विसरून बसली आहे, मलाही ओळखत नाही, हे मी त्यांना कळू दिलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय! आई शिव्या द्यायची आणि केसांना हात लावू द्यायची नाही.

त्या शुक्रवारी सकाळी वेणी घालताना तिनं माझ्या हातातली फणी हिसकावली. मला उशीर होत होता. मी तिच्या हातावर चापट मारली, चांगली जोरात. आई लहान पोरीसारखी रडायला लागली. शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी शाळेत गेले आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट मुलींना सांगितली. मधल्या सुट्टीत बदलापूरच्या एका वृद्धाश्रमाला फोन करून टाकला, सोमवारी आईला घेऊन येते म्हणून. माझ्या हातून आणखी काही व्हायच्या आत ती तिथं गेलेली बरी, असं वाटलं. मग शनिवारसाठी पत्त्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसले. डोकं ठिकाणावर नव्हतंच.

शनिवारी मी आईची लुगडी बॅगेत भरत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात माझ्या गटातल्या रूथ आणि प्रेरणा. गणवेश, दोन-दोन वेण्या, हातात खोबरेल तेलाची बाटली. मला बघून दोघी गडबडल्या. कोपरच्या शांताआजींकडे पहिल्यांदाच निघालेल्या या पोरी माझ्या दारात कशा? रूथनं चिठ्ठी पुढं केली. नाव शांताबाईंचं होतं आणि खाली माझ्याच अक्षरात माझ्या घराचा पत्ता. वर्षानुवर्षं जो पत्ता फॉर्मवर भरत आले, तोच हातानं लिहून टाकला होता. मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते, पण आतून आईचा खणखणीत आवाज आला.

"इकडं या गं. घंटा व्हायची वेळ झाली, अन् केस बघा कसे झालेत!"

आई नगरकडच्या मुलींच्या बोर्डिंगात पस्तीस वर्षं मेट्रन होती. रोज सकाळी पोरींना रांगेत बसवून वेण्या घालायची. गणवेश बघितला आणि ती तिथंच पोचली. रूथच्या वेण्या अगदी चोपून घातलेल्या होत्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. बूट काढले, स्वतःच रिबिनी सोडल्या, केस मोकळे केले आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. आईची बोटं सराईतपणे फिरायला लागली आणि प्रभूची प्रार्थना ती पुटपुटू लागली. एक शब्दही चुकला नाही. पोरीही हळूच तिच्याबरोबर म्हणू लागल्या.

प्रेरणाच्याही वेण्या झाल्यावर रूथ म्हणाली, आजी, आता टीचरच्या घाला ना. मी नको-नको म्हणत बसले. आईनं माझे पिकलेले केस सोडले, फणी लावली आणि थांबली.

"ही माझी पोर आहे," ती रूथला म्हणाली. "हिचं डोकं हळवं. हिला दुखवायचं नाही."

मी मुलींसमोर हुंदके देऊन रडले. मग सगळं सांगितलं, चापटीसकट. प्रेरणानं पाणी आणून दिलं. रूथ एवढंच म्हणाली, "टीचर, आम्हाला आधी का नाही सांगितलं?" मदत कशी करायची हे पोरींना इतकी वर्षं शिकवलं, पण मागायला मात्र मी कधी शिकलेच नाही. देवाकडेसुद्धा नाही.

रविवारी उपासनेनंतर दोघींना घेऊन शांताबाईंकडे गेले आणि त्यांची माफी मागितली. सोमवारी बॅग रिकामी केली. आईनं त्यानंतर पुन्हा मला ओळखलेलं नाही. शिव्याही देते. पण रोज सकाळी आधी मी तिच्या पायाशी बसते, ती माझे केस विंचरते आणि मग तिचे मला विंचरू देते. माझ्या हातून चिठ्ठीवर ती चूक कशी झाली, यावर मी डोकं चालवत नाही. देवाचे उपकार मानते आणि गप्प बसते.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसले. पहिल्याच चिठ्ठीवर आईचं नाव घातलं आणि खाली माझा पत्ता लिहिला, या वेळी अगदी सावकाश, सुवाच्य अक्षरात.